केमो सुरू असलेल्या लेकराचं तोंड येऊ नये म्हणून: आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांतून नागपूर, सेवाग्राम, सावंगी, नाहीतर थेट मुंबईला लेकराच्या केमोसाठी, म्हणजे कॅन्सरच्या औषधांसाठी, जाणाऱ्या आईबाबांसाठी हे लिहिलं आहे. केमो वॉर्डात लागते, पण तोंड येतं ते बहुतेकदा गावी परतल्यावर, डॉक्टर-सिस्टर जवळ नसताना. म्हणून तोंडाची काळजी घेणं हे घरच्यांचं काम आहे, आणि ते छाले दिसायच्या आधीच सुरू करायचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमच्या लेकराची फाइल त्यांच्यासमोर आहे.

कॅन्सर रक्ताचा, मग तोंड काहून येते?

केमोमुळे. तणनाशक वाऱ्याने उडून कोवळ्या पिकावर पडलं की तणाबरोबर पीकही करपतं, तसं हे होतं. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण तोंडाच्या आतली नाजूक त्वचाही दर एक-दोन आठवड्यांनी नवी होत असते. नवी त्वचा तयार होणं थांबलं की जुनी झिजते, तोंड आतून लालभडक होतं, चुरचुरतं आणि मग जखमा पडतात. आतड्याचंही तेच होतं, म्हणून काही लेकरांना त्याच दिवसांत जुलाब लागतात.

साधारण केमोनंतर पाच ते दहा दिवसांत तोंड यायला लागतं आणि रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या की दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. घोर लागावा अशी गोष्ट वेगळीच आहे. ज्या दिवसांत तोंडाला जखमा असतात, नेमक्या त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. तोंडात एरवीही असंख्य जंतू राहतात. जखमेतून ते रक्तात शिरले तर त्यांना अडवायला अंगात फौज नसते. म्हणून तोंड स्वच्छ ठेवायचं ते दुखू नये म्हणून, आणि त्याहून जास्त लेकराला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून.

सगळ्याच केमोने असं होते का?

नाही. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन, सायटाराबिन, इटोपोसाइड या औषधांनी जास्त होतं. बोनमॅरो, म्हणजे हाडांतला मगज, बदलण्याआधी देतात त्या मेल्फॅलान, बुसल्फानने तर खूपच. डोक्याला किंवा मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, असेल तरीही होतं. सुट्टी होताना सिस्टरला सरळ विचारा, "या वेळच्या औषधाने तोंड येते का, आणि कोणत्या दिवसापासून लक्ष ठेवू?" ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

केमो सुरू व्हायच्या आधी काही करता येते का?

येतं, आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. दातांच्या डॉक्टरला एकदा तोंड दाखवून घ्या. किडलेली दाढ, हिरडीवरची पुळी, हलणारा दात, धारदार तुटका दात, दातांना लावलेल्या तारा, हे सगळं रक्तातल्या पेशी चांगल्या असताना निस्तरायचं असतं. पेशी खाली गेल्यावर दात काढणं जोखमीचं होतं.

"दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" असं आपल्याकडे म्हणतात. पण किडलेला दुधाचा दातही केमोच्या काळात ताप आणि पू आणू शकतो. मोठ्या दवाखान्यात दातांचा विभाग बहुधा असतो. नागपूरच्या मेडिकल कॉलेजजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. उपचार तातडीने सुरू करायचे असले तर थांबायला वेळ नसतो, तेव्हा निदान कॅन्सरच्या डॉक्टरांना तोंड उघडून दाखवा आणि किडलेल्या दातांबद्दल सांगा.

ब्रश करावा की नको? हिरड्यातून रक्त येईल अशी भीती वाटते.

करावा. "रक्त येईल" म्हणून आठ-पंधरा दिवस ब्रश बंद ठेवला की दातांवर थर साचतो, हिरड्या सुजतात आणि मग खरंच रक्त येतं.

लहान डोक्याचा, अगदी मऊ केसांचा ब्रश घ्या. वापरायच्या आधी कोमट पाण्यात थोडा वेळ धरला की केस आणखी मऊ होतात. लेकराला उजेडाकडे तोंड करून बसवा, तुम्ही त्याच्या मागे बसा आणि त्याचं डोकं छातीला टेकवून घ्या. एका हाताने ओठ हलकेच बाजूला करा. ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे किंचित तिरपा धरून छोटे-छोटे गोल फिरवा, घासू नका. आधी बाहेरून, मग आतून, मग दाढांच्या वरून, शेवटी जिभेवरून अलगद. सकाळी आणि रात्री झोपताना तर हवंच, जमलं तर दुपारच्या जेवणानंतरही. सात-आठ वर्षांपर्यंतच्या लेकराचा ब्रश मोठ्यानेच करावा, त्याच्यावर सोडू नये.

पेस्ट फ्लोराइडची, पण तिखट-थंड चवीची नको. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. पेस्टने झोंबत असेल तर त्या दिवसांत नुसत्या पाण्याने ब्रश करा. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तुमच्या गावात लोकांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर दातांच्या डॉक्टरला ते सांगा आणि पेस्ट कोणती वापरायची हे त्यांनाच ठरवू द्या.

प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, फारच कमी असतील किंवा ब्रश लावताच रक्त येऊन थांबत नसेल, तर डॉक्टर काही दिवस ब्रशऐवजी ओल्या गॉजने पुसायला सांगतात. प्लेटलेट वर आल्या की पुन्हा ब्रश.

ब्रश धुऊन, झटकून, उभा आणि उघडा वाळत ठेवा. न्हाणीत नको, घरच्या सगळ्यांच्या ब्रशच्या डब्यात नको, प्लास्टिकच्या बंद टोपणात तर नकोच. केस वाकले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी. तोंडात बुरशी झाली असेल तर बरी झाल्यावर नवा घ्या.

मिठाच्या पाण्याचं प्रमाण काय?

एक लिटर पाणी खळखळ उकळून थंड करा. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खाण्याचा सोडा टाका. रोज सकाळी ताजं करा, झाकून ठेवा, उरलं तर रात्री फेकून द्या. खाल्ल्यानंतर आणि झोपताना, असं दिवसातून चार-पाच वेळा तोंडात खेळवून थुंकायला लावा. गिळायचं नाही. उलटी झाल्यावर आणि गोड सिरप पाजल्यावरही चूळ भरायला लावा.

दोन गोष्टी नीट बघा. सोडा भज्यात टाकतो तोच हवा. धुण्याचा सोडा किंवा पापडखार चालत नाही, त्याने तोंड भाजतं. दुसरं, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी मुळातच खारट असतं. तिथे प्यायला जे गोडं पाणी आणता त्यातच हे करा, बोअरच्या पाण्यात नको. "जास्त मीठ म्हणजे जास्त फायदा" असं इथे होत नाही, उलट झोंबतं आणि लेकरू पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

आमचं बाळ दीड वर्षाचं आहे. त्याला चूळ भरता येत नाही.

हात साबणाने धुवा. बोटाला स्वच्छ गॉज किंवा उकळून वाळवलेलं मऊ सुती फडकं गुंडाळा, उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवून पिळा आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हळूच फिरवा. दूध पाजल्यावर दर वेळी. दात आले असतील तर त्यांना छोटा मऊ ब्रश. अंगावरचं दूध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायची सवय असेल तर ती मोडा, त्याने पुढचे दात लवकर किडतात.

बाजारातलं माउथवॉश आणलं तर?

अल्कोहोलवालं अजिबात नको, ते तोंड कोरडं करतं आणि झोंबतं. क्लोरहेक्सिडीनची बाटली मेडिकलवाला पटकन हातात देतो, पण केमोने येणारं तोंड त्याने टळत नाही. हिरडीच्या आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

आम्ही कडुनिंबाची काडी, राख, मंजन वापरतो.

उपचार चालू आहेत तोपर्यंत हे सगळं बाजूला. काडी हिरडीला टोचते, राख आणि मंजनाची भुकटी खरवडते, आणि या दिवसांत खरचटलेली जागा लवकर भरत नाही.

मिश्री आणि गुडाखूत तंबाखू असते, ती लेकराच्या तोंडाला कधीच लावू नये. आणि हे घरातल्या मोठ्यांसाठी, अगदी मनापासून सांगते: खर्रा घोटलेल्या, खाल्लेल्या बोटांनी लेकराच्या तोंडात घास देऊ नका, औषध देऊ नका. हात धुऊन या. घरात बिडी ओढू नका, त्या धुरानेही लेकराचं तोंड आणि घसा चुरचुरतो. या निमित्ताने खर्रा सुटला तर लेकरासाठी यापेक्षा मोठं काही तुम्ही करू शकणार नाही.

जेवायला काय द्यावं?

तोंड चांगलं असताना घरचं ताजं, नीट शिजवलेलं, कमी तिखट जेवण. लेकराचं वजन टिकून राहिलं की जखमाही लवकर भरतात. म्हणून दूध, मुगाचं वरण, पूर्ण शिजलेलं अंडं रोज पोटात जाऊ द्या.

तोंड लाल व्हायला लागलं की मऊ आणि कोमट. ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, मऊ खिचडीवर घरचं तूप, तांदळाची पेज, भगर, पातळ शिरा, घोटलेलं वरण-भात, कुस्करलेलं केळं. भाकर द्यायची तर दुधात किंवा वरणात पुरती भिजवून. गरम वाफाळतं नको, फुंकून कोमट करा. थोडं-थोडं, दर दोन तासांनी.

ठेचा, सावजी रस्सा, लोणचं बंद. चिवडा, फुटाणे, कडक टोस्ट, कुरकुरे टोचतात. आंबट तर फार झोंबतं: चिंच, कैरी, बोरं, कवठ, अंबाडीची भाजी, लिंबू. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा संत्र्यांची पिशवी घेऊन येतो आणि "आजारी लेकराला संत्र्याचा रस चांगला" असं प्रेमाने सांगतो. तोंड आलेलं असताना तो रस म्हणजे जखमेवर मीठ. संत्री बाकीच्यांनी खावी, लेकराला पिकलेली पपई किंवा चिकू स्वच्छ धुऊन, घरीच सोलून द्यावा.

पाणी भरपूर. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, लेकराचं तोंड सुकून चिकट होतं आणि कोरड्या तोंडाला जखम लवकर होते. उकळून थंड केलेल्या पाण्याची बाटली लेकराच्या हाताशीच ठेवा. ओठांना साधं व्हॅसलीन लावा.

तोंड आलं म्हणजे अंगात उष्णता झाली ना? बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊ का?

एरवीचं तोंड येणं वेगळं आणि केमोचं वेगळं. हे उष्णतेने आलेलं नाही आणि जीवनसत्त्व कमी पडल्यानेही नाही, त्यामुळे सब्जाने किंवा बी-कॉम्प्लेक्सने जाणार नाही. शिवाय त्या गोळ्यांत फोलिक ॲसिड असू शकतं, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना ते डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

जाईचा पाला, हळद, मध, तुरटी?

आजीने सांगितलेल्या या गोष्टी धडधाकट माणसाच्या तोंडासाठी होत्या. पेशी कमी असलेल्या लेकराला कच्चा पाला चघळायला दिला की पानावरची माती आणि जंतूही तोंडात जातात. तुरटी आणि टाकणखार जखमेला झोंबतात. जांभळं औषध (जेन्शन व्हायोलेट) लावलं की तोंड रंगून जातं आणि डॉक्टरला खालची जखम नीट दिसत नाही. स्वयंपाकात शिजलेली हळद चालते, जखमेवर भुकटी चोळू नका. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही, आणि मोठ्या लेकरालाही पेशी कमी असताना विचारल्याशिवाय नाही. झाडावरच्या पोळ्यातला कच्चा मध तर नकोच. आजीला वाईट वाटेल, पण ती चूळ भरायचं पाणी उकळायला आनंदाने तयार होईल, ते काम तिला द्या.

केमो चालू असताना बर्फ चघळायला देतात असं ऐकलं.

खरं आहे, पण ठरावीक औषधांनाच. मेल्फॅलान किंवा फाइव्ह-एफयू ही औषधं थोड्या वेळात शिरेतून देतात तेव्हा बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. लेकरू बर्फ तोंडात धरण्याएवढं मोठं आणि समजूतदार हवं. बाकीच्या औषधांना याचा उपयोग दिसत नाही, आणि ऑक्झालिप्लॅटिन चालू असताना थंड दिलं तर त्रासच होतो. म्हणून वॉर्डाने सांगितलं तरच, आणि बर्फ उकळलेल्या पाण्याचा. गाड्यावरचा गोळा नव्हे.

तोंडाला लाल प्रकाशाचा सौम्य लेझर देण्याचीही पद्धत आहे. बोनमॅरो बदलणाऱ्या आणि डोक्या-मानेला शेक घेणाऱ्या लेकरांना त्याचा फायदा होतो. सगळीकडे ती सोय नसते. तुमच्या दवाखान्यात आहे का, ते विचारा.

घरी गोळ्या चालू आहेत आणि अचानक तोंड आलं. काहून?

हे नीट वाचा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात सिक्स-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन) गोळी बहुधा रोज असते आणि मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली तर तोंड जबर येतं, पेशी कोसळतात, जिवावर बेतू शकतं. घरात औषध देणारी माणसं दोन-तीन असली, कोणी शेतात गेलं, कोणी पाहुणं आलं, की अशी गल्लत होते. मेथोट्रेक्सेटचं पाकीट वेगळ्या डब्यात ठेवा, त्यावर वार मोठ्या अक्षरात लिहा आणि औषध देणारं माणूस एकच ठरवा. या टप्प्यात तोंड आलं तर गोळ्या मोजून बघा आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. अंगदुखीची कुठलीही गोळी मनाने देऊ नका, काही गोळ्यांनी मेथोट्रेक्सेट अंगात साचून राहतं.

तोंड रोज कसं तपासायचं?

सकाळी ब्रशच्या आधी, मोबाइलच्या टॉर्चने. ओठ आतून उलटे करून बघा, मग दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. लाली, सूज, पांढरा चट्टा, फोड, रक्त. दह्यासारखे पांढरे ठिपके असतील तर बुरशी असू शकते. ओठावर पाण्याने भरलेले बारीक फोड असतील तर नागिणीच्या जातीचा विषाणू असू शकतो. दोन्हींवर औषध आहे, पण ते डॉक्टरांनी बघून द्यायचं. फोटो काढून ठेवा. गाव लांब असेल तर तो फोटो वॉर्डाला पाठवता येतो.

दिसण्याआधीच लेकराच्या वागण्यातून कळतं. आवडीचा घास गालात धरून ठेवतं, पाणी पिताना तोंड वाकडं करतं, लाळ गळते, बोलणं कमी होतं.

दवाखान्यात कधी पळायचं?

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे थर्मामीटरवर १००.४, किंवा त्याहून वर गेला की लगेच. तोंड आलेलं असो-नसो. रात्र असली तरी. "सकाळच्या एसटीने जाऊ" असं नको, "पॅरासिटामॉल देऊन बघू" असंही नको. गोळीने ताप दबतो, जंतू मरत नाहीत. थर्मामीटर काखेत लावा, शौचाच्या जागी कधीच नाही. १०८ ला फोन करा, ती गाडी मोफत आहे. थंडी वाजून अंग कापत असेल किंवा लेकरू मलूल पडलं असेल तर थर्मामीटरची वाटही पाहू नका.

तापाशिवायही त्याच दिवशी फोन करायचा तो अशा वेळी: पाणीही गिळवत नाही, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तोंडातलं रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबत नाही, औषधाच्या गोळ्या पोटात जात नाहीत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, निघा.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जावं लागलं तर शिरताच सांगा: "लेकराला केमो चालू आहे, पेशी कमी असतील." फाइल आणि शेवटच्या केमोची तारीख हातात ठेवा. भामरागड, एटापल्ली, धारणीकडची गावं पावसाळ्यात नाल्यांच्या पुराने तुटतात. पेशी खाली जाण्याचे दिवस तसे येणार असतील तर दवाखान्याजवळच्या शहरात राहण्याची सोय होते का, हे सुट्टीच्या आधीच दवाखान्यातल्या समाजसेविकेला विचारा. पुन्हा भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले योजनेच्या (सरकारची मोफत उपचारांची योजना) आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात त्या योजनेचं काम बघणाऱ्याला, भेटा.

दुखते म्हणून रडते. काय देऊ?

डॉक्टरांनी सांगितलेलंच. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. हिरडी बधिर करायची जेल दुकानातून आणून लहान बाळाला लावणं धोक्याचं आहे. मोठ्या लेकरांनाही बधिर तोंडाने घास खाऊ घातला तर ठसका लागतो. दुखणं फार असेल तर दवाखान्यात मॉर्फिन देतात. त्याच्या नावाने घाबरू नका. मोजून दिलेल्या मॉर्फिनने लेकराला व्यसन लागत नाही, आणि दुखणं कमी झालं की ते पुन्हा पाणी प्यायला लागतं.

हे लागट आहे का? भावंडांना वेगळं ठेवू?

केमोने आलेलं तोंड कोणाला लागत नाही. उलट बाहेरच्यांचं लेकराला लागतं. ओठावर फोड आलेल्या माणसाने लेकराची पापी घेऊ नये. पेला, चमचा वेगळा ठेवा.

सगळं केलं, तरी तोंड आलं. आमचं काय चुकलं?

काही नाही. काही औषधांनी कितीही काळजी घेतली तरी तोंड येतंच, ते औषधाचं काम आहे, तुमच्या हयगयीचं नाही. तुमच्या रोजच्या ब्रशने आणि चुळांनी ती जखम जंतूंपासून जपली जाते, हे लहान काम नाही. आता ब्रश हलक्या हाताने, चुळा दोन-तीन तासांनी, आणि डॉक्टरांना कळवणं. पुढची केमो ते काही दिवस पुढे ढकलतील किंवा मात्रा बदलतील, पण तुम्ही मनाने तारीख चुकवू नका.

केमो संपल्यावर दातांचं बघावं लागते का?

हो. फार लहान वयात उपचार झाले असतील तर पक्के दात उशिरा येणं, लहान राहणं, त्यांची मुळं आखूड असणं, वरचं आवरण कच्चं असणं असं होऊ शकतं. दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरला दाखवा, आणि दर वेळी सांगा की या लेकराला केमो दिली होती, कोणत्या वयात, कोणती. सुट्टीच्या कागदाची एक प्रत त्यासाठीच घरी जपून ठेवा.